गाडीची किल्ली सारखी अडकतेय? ओढण्याआधी ती कुठं थांबलीय ते बघा

जुलैतला पाऊस आणि कणकुंबी. गोव्याहून चोर्ला घाट चढून आलो होतो, चहाला थांबलो. बायको आणि पोरगी छत्री उघडून टपरीत पोचल्यासुद्धा, मी मात्र अजून गाडीतच. इंजिन बंद झालंय, रेडिओ गातोय आणि किल्ली निघेना. मागं फिरवली की एका जागी येऊन टक्क अडायची. ओढली, हलवली, शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर काचेवर टकटक करून आत डोकावला. "जोर माडब्याड्री," म्हणाला, म्हणजे जोर करू नका. मग खिडकीतून हात घालून त्यानं अंगठ्यानं किल्ली आत दाबली, दाबलेलीच ठेवून मागं फिरवली आणि काढून माझ्या हातात दिली. सगळं मिळून पाच सेकंद.

मला वाटलं, इलाज सापडला. पण दोन महिन्यांनी बेळगावात गणपत गल्लीत किल्लीनं परत दगा दिला आणि या वेळी दाबून काहीच झालं नाही. दिवाळीनंतर शहापुरात घराच्या दारातच तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा माझ्या तोंडात एकच वाक्य होतं, "किल्ली अडकलीय." तिन्ही वेळा कारण मात्र निराळं होतं. पहिल्या इलाजानं दुसरं दुखणं बरं करायला गेलो आणि किल्ली वाकवून बसलो.

मी गॅरेजवाला नव्हे. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे, पितळ कसं झिजतं ते रोज बघतो, एवढीच माझी पात्रता. पण वर्षभर ही कटकट सोसल्यावर जे उमगलं ते सांगतो.

आधी टॉर्च मारा

किल्लीच्या भोकाभोवती बारीक अक्षरं कोरलेली असतात: लॉक, एसीसी, ऑन, स्टार्ट. काही गाड्यांत नुसते शून्य, एक, दोन, तीन असे आकडे. रोज बघून बघून आपल्याला ती दिसेनाशी झालेली असतात. मोबाईलचा टॉर्च मारून बघा, किल्ली नेमकी कुठल्या खुणेसमोर थांबलीय. अक्षरं पुसली असतील तर गाडीच सांगते. डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे आहेत, तर ऑन. दिवे नाहीत पण रेडिओ चालतोय, तर एसीसी. काहीच चालत नाही, तर लॉक किंवा त्याच्या अगदी अलीकडं.

किल्ली निघते ती फक्त लॉकवर. आत जी गोल नळी फिरते तिला आपले मिस्त्री बॅरल म्हणतात. तिच्यात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीला बारीक स्प्रिंग. किल्लीचे दाते या पट्ट्यांना ठरलेल्या उंचीवर आणतात, सगळ्या एका पातळीत आल्या की बॅरल फिरतं. एकदा फिरलं की पट्ट्यांना वरखाली व्हायला जागाच उरत नाही, आणि दाते त्यांच्यात धरले जातात. परत लॉकवर आलं की पट्ट्यांसमोर खाच येते, त्या हलायला मोकळ्या होतात आणि किल्ली सुटते. केसभर अलीकडं थांबली तरी सुटायची नाही. मी कणकुंबीत ओढत होतो ती सगळी ताकद त्या पट्ट्यांवर जात होती.

म्हणजे तीन प्रश्न झाले. किल्ली आत जाते पण फिरतच नाही? फिरते पण लॉकपर्यंत येत नाही? की लॉकवर येऊनही निघत नाही?

फिरतच नाही: गणपत गल्लीचं प्रकरण

गणपत गल्लीत सणासुदीला गाडी लावायला जागा मिळाली की माणूस ती कशीही लावतो. मी पुढचं चाक गटारीच्या कट्ट्याला टेकवून, स्टिअरिंग पुरतं वळवलेलं तसंच ठेवून उतरलो. खरेदी करून आलो तर किल्ली आत गेली, पण जागची हलेना.

किल्ली काढून स्टिअरिंग थोडं वळलं की आतला एक खिळा स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसतो. चोरानं गाडी वळवू नये म्हणून ही सोय. चाक कट्ट्याला रेटलेलं असेल तर टायरचा सगळा ताण उलटा त्या खिळ्यावर येतो आणि खिळा खाचेच्या भिंतीला घट्ट चिकटून बसतो. किल्ली फिरवायची म्हणजे हा खिळा मागं ओढायचा. तो इतका आवळलेला असतो की नुसत्या किल्लीनं हलत नाही.

इथं ताकद स्टिअरिंगला लावायची, किल्लीला नाही. डाव्या हातानं स्टिअरिंग दोन्हीकडं हलवून बघा. एका बाजूला ते भिंतीसारखं घट्ट लागेल, दुसऱ्या बाजूला जरासं दबेल. दबतंय त्या बाजूला दाबून धरा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी किल्ली फिरवा. दोनच बोटं, मूठ नाही. ताण सुटला की किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरते. तरीही नाही फिरली तर गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा आणि कुणाला तरी गाडी वीतभर ढकलायला सांगा, म्हणजे चाक कट्ट्यापासून सुटेल. रस्ता उताराचा असेल तर हे करू नका, स्टिअरिंग लॉक असलेली गाडी वळवता येत नाही. आमच्या वेळी शेजारच्या दुकानातली दोन पोरं आली आणि हसत हसत ढकलून गेली. तोवर मी कणकुंबीचा धडा आठवून किल्ली दाबून दाबून तिची मान वाकवली होती.

तेव्हापासून गाडी लावली की आधी चाकं सरळ करतो, मग किल्ली काढतो. कट्ट्याला चाक टेकवायचंच असेल तर टेकल्यावर स्टिअरिंगवरचा हात सैल सोडतो, ते आपोआप थोडं मागं येतं.

फिरते, पण लॉकवर येत नाही

हा कणकुंबीचा प्रकार. बऱ्याच गाड्यांत एसीसीवरून लॉककडं जाताना किल्ली आत दाबूनच फिरवावी लागते. चालत्या गाडीत चुकून लॉकवर जाऊन स्टिअरिंग जॅम होऊ नये, यासाठी ही अडणूक मुद्दाम ठेवलेली असते. रोजच्या सवयीनं आपण नकळत दाबत असतो. पावसात हात ओले, घाटातला थकवा, त्यात बॅरल थोडं झिजलेलं, आणि नेहमीचा दाब कमी पडतो. पुरती दाबा, दाबलेलीच ठेवून फिरवा. काही जुन्या गाड्यांत किल्लीशेजारी छोटं बटण असतं, ते दाबल्याशिवाय किल्ली लॉकवर जात नाही. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे कुणी सांगितलेलंही नसतं. आपल्या भागात केए २२ आणि एमएच ०९ च्या गाड्या इकडून तिकडं सतत विकल्या जातात, पुस्तिका मात्र पहिल्याच मालकाच्या कपाटात राहते.

हे सगळं करून बघायचं ते गाडी उभी असताना. चालत्या गाडीत किल्ली मागं फिरवून बघण्याचा उद्योग कुणी करू नये.

ॲटोमॅटिक गाडी असेल तर आधी गिअरकडं बघा. गिअर पीवर, म्हणजे पार्कवर, पुरता बसला नसेल तर किल्ली लॉकवर येत नाही, तशी अडणूकच आत ठेवलेली असते. (एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी गाडी, तिची गोष्ट वेगळी, तिला बहुतेक पी नसतो.) ब्रेक दाबून धरा, गिअर एनवर, म्हणजे न्यूट्रलवर, न्या, हँडब्रेक ओढा, मग परत पीवर ठामपणे लोटा आणि किल्ली फिरवा. उतारावर उभी केलेली गाडी हटकून असा त्रास देते, कारण हँडब्रेकआधी पी टाकला की गाडीचा सगळा भार गिअरबॉक्सवर लटकतो.

निपाणीच्या मेव्हण्याच्या गाडीत तर पी दिसत होता, गिअर बसलेला होता, तरी किल्ली अडकायची. महिनाभर कुणाला पत्ता लागेना. शेवटी गिअरभोवतीचं झाकण उघडलं तर आत सगळं चिकट. पोरानं तिथं उसाच्या रसाचा ग्लास सांडला होता आणि मार खायच्या भीतीनं वरून पुसून गप्प बसला होता. गिअर पीवर आला हे गाडीला कळवणारा छोटा स्विच रसात चिकटून बसला होता. साफ केला, प्रश्न मिटला. पोराला मार मिळाला की नाही, विचारलं नाही.

बॅटरी पार उतरली तरी काही ॲटोमॅटिक गाड्यांत किल्ली निघत नाही, कारण तिला सोडणारा आतला खटका विजेवर चालतो. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून बघा, मगच बाकीचं. काहींत स्टिअरिंगच्या खालच्या झाकणात हातानं सोडवायची सोय असते. ती कुठं आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

लॉकवर आहे, तरी निघत नाही

शहापुरात दारात झालं ते हे. किल्ली लॉकच्या खुणेवर, स्टिअरिंग मोकळं, दाबून झालं, तरी निघेना. आणि एकदा नव्हे, आठवड्यातून तीनदा. सारखं सारखं अडकण्याचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथंच असतं. बाकीची दोन्ही त्या त्या वेळची असतात.

तिजोरीच्या तळातून गाडीची दुसरी किल्ली शोधून काढली. गाडी घेतल्यापासून ती वापरलीच नव्हती, शोरूमच्या पाकिटातच होती. दोन्ही किल्ल्या कामावर नेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला. सर्वांत उंच दात्यापाशी जुनी किल्ली ०.३ मिलिमीटरनं बसलेली होती. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर नव्या किल्लीच्या दात्यांचे कोपरे धारदार, जुन्याचे गोटीसारखे गोल. बोट फिरवलं की कळत होतं. आमच्याकडं एवढा फरक असलेला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला नग, मालक परत पाठवतो, आणि मी त्याच किल्लीनं दिवसातून दहादा गाडी चालू करत होतो.

झिजलेले दाते पट्ट्यांना पुरते उचलत नाहीत. एखादी पट्टी मग खाचेच्या कडेला टेकून राहते, बॅरल लॉकवर नेमकं येत नाही, वीस हिश्श्यांतला एक हिस्सा मागं राहतं, आणि किल्ली सुटत नाही. घाण साचली तरी हेच होतं. जांबोटीकडची लाल माती, वडगावात मागावरून उडणारं कापसाचं तूस, खिशातला तंबाखूचा चुरा, यातलं काय काय किल्लीला लागून आत जातं ते एकदा किल्ली पांढऱ्या रुमालानं पुसून बघा.

त्या वेळेपुरती काढायची झाली तर किल्ली आधी आत पुरती ढकला, लॉकच्या दिशेनं थांबेल तिथवर फिरवून धरा, मग वरखाली अगदी हलकी हलवत सरळ बाहेर घ्या. ओढताना पिळायचं नाही. पिळलं की पट्ट्या परत चावतात.

आणि शांतपणे एक तपासणी करा. दुसरी किल्ली चार दिवस वापरा. ती सुरळीत चालली तर बॅरल ठीक, झिजलीय ती किल्ली. तीही अडकली तर बॅरल गेलंय. फुकटातली तपासणी आहे, तरी माझ्यासकट सगळे आधी तेलाकडं धावतात.

तेलाबद्दल

तेल घालू नका. शिलाईचं नको, खोबरेल तर अजिबात नको. त्या दिवशी किल्ली मऊ चालते आणि महिन्याभरात तेलावर धूळ बसून आत काळा लगदा तयार होतो. डब्ल्यूडी फॉर्टी हा आपल्याकडं सगळ्या रोगांवरचा अंगारा. मुळात तो पाणी हाकलायला बनवलेला, नावातले ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. चिकटलेली घाण सुटी करायला तो ठीक, थोडाच फवारा, पण त्यामागं जो तेलकट थर राहतो त्यावर पुन्हा धूळ धरते.

कुलपाला कोरडं ग्रेफाइट लागतं. त्याची पूड हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चिमूटभर किल्लीवर लावा, आतबाहेर करा, उरलेलं पुसा. नाही मिळाली तर मऊ काळ्या शिशाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासा, काम भागतं. दोन गोष्टी सांभाळा. आधी तेल घातलेलं असेल तर वर ग्रेफाइट टाकू नका, त्याचा चिखल होतो. आणि भसाभसा ओतू नका, ग्रेफाइटमधून वीज वाहते आणि बॅरलच्या मागंच इग्निशनचा स्विच असतो.

झिजलेल्या किल्लीची नक्कल

मी पहिल्या वेळी केलेली चूक. जुनी किल्ली घेऊन बाजारात गेलो आणि तिच्यावरून नवी कापून आणली. चकचकीत, तीनशे रुपयांत. मशीन कशाची नक्कल करतं? समोर ठेवलेल्या किल्लीची. म्हणजे नव्या पितळेवर जुनी झीज हुबेहूब उतरली, वर मशीनची स्वतःची थोडी चूक. पहिल्या दिवसापासून अडकायला लागली. वर ती दार उघडायची, फिरायची, पण इंजिन चालू होईना. कारण मूळ किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप असते आणि गाडीनं ती ओळखल्याशिवाय इंजिन पेटत नाही.

नक्कल करायची तर न वापरलेल्या किल्लीवरून करा. त्याहून बरं म्हणजे नंबरावरून. नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर बऱ्याचदा एक छोटी पट्टी असते, तिच्यावर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. त्या नंबरावरून कंपनी मूळ मापाची किल्ली कापून देते. ती पट्टी किल्लीच्याच जुडग्यात अडकवून फिरणारे लोक मी बघितलेत. चोराला एवढी मदत कशाला? नंबर घरी लिहून ठेवा. दोन्ही मूळ किल्ल्याही जपा, गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही मागतात.

जुडग्यावरून आठवलं. माझ्या जुडग्यात घराची, शटरची, स्कूटरची, लॉकरची किल्ली आणि सौंदत्तीहून आणलेली पितळी पादुका. वजन केलं तर १८० ग्रॅम. घाटातल्या खड्ड्यांत हे सगळं लोलकासारखं झुलत बॅरलला ओढत असतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या हिसक्यानं किल्ली चालत्या गाडीत ऑनवरून एसीसीवर सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. आपल्या गाडीचा स्विच तसा सैल नसेलही, पण मी गाडीची किल्ली सुटी केली. पादुका देवघरात ठेवल्या, तिथं त्या जास्त शोभतात.

रात्री निघालीच नाही तर

किल्ली एसीसीवर किंवा ऑनवर अडकली तर बॅटरी रात्रभरात उतरते. बॉनेट उघडा आणि दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे वजा खुणेची काळी वायर सोडा. ती बाजूला घेऊन कापडात गुंडाळा. दारं आधीच लॉक करून ठेवा, वायर सोडली की रिमोट चालत नाही. ड्रायव्हरचं दार दुसऱ्या किल्लीनं हातानं लावा. ती किल्ली नसेल तर गाडी सोडून जाऊ नका. सकाळी किल्लीवाल्याला बोलवा. आमच्या भागात मराठीत किल्ली म्हणा की कन्नडात कीलीकै, तो येतो. त्यानं गाडीचे कागद बघायला मागितले तर रागावू नका, न मागणाऱ्याचीच काळजी वाटावी.

किल्ली मोडली आणि थोडी बाहेर असेल तर बारीक टोकाच्या पक्कडीनं सरळ काढा. आत गेली असेल तर टाचणी, सेफ्टीपिन, फेव्हिक्विक यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नका. फेव्हिक्विकनं मोडका तुकडा नाही चिकटत, पट्ट्या मात्र कायमच्या चिकटतात.

बॅरल बदलायची वेळ आली तर

आठ महिने दुसऱ्या किल्लीवर सुखात गेले. मग तीही लॉकवर अडायला लागली, म्हणजे आत पट्ट्याही झिजल्या होत्या. इथं पैसे वाचवायला जाऊ नका, पण विचारून घ्या. काही गाड्यांत नुसतं बॅरल मिळतं, काहींत स्टिअरिंग लॉकचा अख्खा खोकाच घ्यावा लागतो. तो ज्या बोल्टांनी बसवलेला असतो त्यांची डोकी कारखान्यातच मुद्दाम तोडलेली असतात, चोराला पाना लागू नये म्हणून. त्यामुळे मिस्त्री छिन्नी-ड्रिल काढून बसला तर तो अडाणी आहे असं समजू नका. चिप नव्या डोक्यात घालायची की गाडीला नवी ओळखवून द्यायची, हेही काम सुरू करण्याआधी ठरवा.

दुसरा प्रश्न मिस्त्री विचारेल: नुसतं इग्निशनचं बदलू की अख्खा लॉकसेट? लॉकसेट घेतला तर दारं, डिकी, इंजिन सगळ्यांना एकच किल्ली, पण खर्च बराच वाढतो. मी नुसतं इग्निशनचं बदललं. आता दाराला जुनी किल्ली लागते आणि इंजिनाला नवी. पहिला आठवडा रोज चुकीची किल्ली घालत होतो, आणि चुकीची किल्ली जबरदस्तीनं फिरवणं हाही बॅरल खराब करायचा एक मार्ग आहे. शेवटी बायकोनं इंजिनाच्या किल्लीला लाल दोरा बांधला.